चिन्ह ठरेपर्यंत

आमच्या डहाणूच्या कॉलेजातले राऊत सर ‘चहा घेणार का’ विचारायच्या आधी चिन्ह विचारायचे. मी ऑफिसात हेडक्लार्क. माझ्यासमोर अर्जांचा गठ्ठा, आणि सर नाकासमोर चिठ्ठी धरून उभे. "मॅडम, पटकन सांगा, विचार करू नका. हे बघून काय वाटतं?"

चिठ्ठीवर दोन प्रश्नचिन्हं.

"प्राचार्यांचा शेरा वाटतो."

"मग बाद!"

सर कॉम्प्युटर शिकवायचे आणि घरी एकट्याने स्वतःची प्रोग्रामिंगची भाषा बनवायचे. तिच्यात एक नवी सोय घालायची होती: मागितलेली माहिती रिकामी निघाली, तर तिच्याऐवजी पुढची घ्यायची. सोय तयार होऊन वर्ष झालं होतं. ती कोणत्या चिन्हाने लिहायची, तेवढंच ठरत नव्हतं. शिपायापासून तलासरीच्या बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना विचारून झालं. बाण दाखवला तर कंडक्टर म्हणाला, "सर, आधी तिकीट काढा."

वरोरला मासळी घेताना त्यांनी ती विकणाऱ्या हेमामावशीलाच धरलं. "समजा, तुझ्याकडे पापलेट नसलं तर?"

"तर बाजूला जावेकडं जा. टोपली पालथी दिसते ना? पालथी म्हंजे संपली, फुडं सरका. मास्तर, एवढं पन कळत नाय?"

सर हरखले. कळफलकावर पालथ्या टोपलीसारखं चिन्ह आहेच: ^.

तरी सोमवारी पुन्हा चिठ्ठी. "टोपली बरी आहे, पण तुम्हाला काय वाटतं?"

मी वैतागले. "सर, शुक्रवारपर्यंत ती भाषेत घालून मोकळे व्हा. नाहीतर माझ्या टेबलाकडे फिरकू नका."

गुरुवारीच त्यांनी ती घातली, इंटरनेटवर जाहीरही केली. मग विचारायचं काही उरलं नाही, आणि ते ऑफिसात येईनात. आधी मला बरंच वाटलं, कामं भराभर उरकली. महिन्याभराने शिपाई म्हणाला, "सर डबा पण लॅबमध्येच खातात. दिवसभर कुणाशी बोलत नाहीत."

मी वर लॅबमध्ये गेले. "सर, ती टोपली मला काही पटत नाही. बदलू या?"

क्षणभर त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी मान हलवली. "आता नाही बदलता येत, मॅडम. दोघातिघांनी ती वापरून प्रोग्राम लिहिलेत. त्यांचे बंद पडतील." शेजारची खुर्ची ओढून त्यांनी रुमालाने पुसली. "बसा ना."

खाली ऑफिसच्या खिडकीवर मुलांची रांग होती. "येते नंतर," म्हणून मी जिना उतरले.

पाच मिनिटांनी त्या रांगेचं काही बिघडलं नसतं. मला सवड झाली, तोवर सर निवृत्त होऊन झाईला, त्यांच्या गावी, निघून गेले होते.