ढेबे हवालदारांची दुसरी भरती

श्रीमेंगाई प्रसन्न. मौजे विंझर, तालुका वेल्हे, येथील डोंगरपट्टीचे राहणार, मेंढरांचे धनी कोंडिबा ढेबे यांचे चिरंजीव सिद्धनाथराव हवालदार यांणी सरकारी फौज सोडून घर जवळ केले आणि फिरोन फौजेस रुजू जाहले, ते वर्तमान जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे. यात थोरवी थोडी आणि फजिती बहुत. तीही खासे हवालदारांणी आपले मुखेच हसत हसत सांगितली, सबब खोटी म्हणो नये.

सतरा वर्षे हवालदारांणी बर्फात आणि वाळूत चाकरी केली, मग पेन्शन घेऊन घरी आले, आणि घरी जीव रमेना. तेव्हा वरवे बुद्रुक नजीक मंगल कार्यालयाचे मालक इंद्रजितशेठ यांणी त्यांस चाकरीस ठेविले. चाकरी ऐसी की, अंगी भरजरी अंगरखा, माथी तयार पगडी, कमरेस पत्र्याची तलवार, ऐसा मावळा होऊन दारी उभे राहावे आणि नवरदेव येताच मुजरा करावा. ज्यांणी सरहद्दीवर खरी बंदूक धरिली, ते पनीर कोणत्या टेबलावर हे सांगू लागले. वऱ्हाडी पुसत, "ओ मावळे, हात कुठं धुवायचं?" आणि खासे तलवारीनेच दिशा दाखवीत. रोज पंगत, पंगतीस जिलबी. चार वर्षे होत आली तों पोटाने ऐसी मुलूखगिरी केली की तलवारीचा पट्टा पुरेना, मग त्यास सुतळी जोडिली.

ऐसे असता एके दिवशी भोंगवलीचे वऱ्हाड आले. त्यात जुने पलटणीचे सुभेदार रखमाजी होते. खाशांणी दुरून ओळखिले, शरमिंदे जाहले आणि दारी शोभेस ठेविलेल्या अब्दागिरीआड दडले. तोंड आड जाहले, पोट बाहेरच राहिले. सुभेदारांणी आधी पोट पाहिले, मग वाकोन तोंड पाहिले.

"ढेबे?"

"व्हय साहेब."

हात मुजरा विसरोन सलामीस गेला आणि धक्क्याने पगडी भुईवर पडली. सुभेदार हसते तर बरे होते, परंतु हसले नाहीत. पगडी आपण उचलोन दिली आणि सल्ला दिला की, लष्कराच्या डेपोंचे पहाऱ्यास निवृत्त शिपाई पुन्हा भरती करितात. फौजेतून नाव कटल्यापासोन पाच वर्षांची मुदत. तुमचे चार महिने उरले. हवालदारी मिळणार नाही, शिपाई म्हणोन आरंभ करावा लागेल. बघा.

मग घरी मसलत बसली. कारभारीण नूतनबाई भाकरी थापीत होत्या. सर्व ऐकोन घेतले आणि म्हणाल्या, "सतरा वर्षं म्या एकटीनं काढली. आता घरात काय कमी पडलं तुमाला?"

खासे बोलिले, "घरात काय बी न्हाई गं. पगडी पडली, ती साहेबांनी उचलली. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आन मला वाकता येईना."

तव्यावरली भाकरी करपली, ती बाईंणी उतरविली. मग हुकूम जाहला की, पंगतीस बसणे आजपासोन मना, जिलबी तर नजरेसही पडू देणे नाही, आणि उजाडताच डांबरी रस्त्याने एक मैल दौड मारावी, मोबाईलवर वेळ आम्ही स्वतः धरू. "आन तितं पोचलात की दर ऐतवारी फोन पायजे. इसरलात तर म्या तितं यीन."

दुसरे दिवशी कूच जाहले. ओढ्याच्या पुलापावेतो फौज शाबूत होती, पुढे दम तुटला. दुधाची किटली घेऊन बाळाबाई आजी येत होत्या. त्यांणी पुसले, "आरं सिद्धा, कुत्रं लागलंय का मागं?" खाशांस बोलण्याचीही ताकद नव्हती, त्यांणी मान हलविली. मग आजींणी रिकाम्या रस्त्यावर दोन दगड भिरकाविले आणि तिसरा चुकोन खाशांचे पाठीस लागला. ते दिवशी पावणेचौदा मिनिटे लागली. नूतनबाई म्हणाल्या, यापरीस मेंढरू बरं.

दुसरे महिन्यात बाईच पदर खोचोन, चपला हाती घेऊन संगे धावू लागल्या, आणि पुढे निघाल्या. खाशांणी कैक लढाया ऐकिल्या होत्या, परंतु बायकोने मागे टाकिल्याचे दुःख त्यांत कोठे सांगितले नव्हते. ते जिद्दीस पेटले. तिसरे महिनाअखेर बरोबरी साधिली, आणि चौथे महिन्यात एके सकाळी चार पावले पुढे गेले. बाई म्हणाल्या, "म्या दमले हुते." त्या दमल्या होत्या की मुद्दाम मागे राहिल्या, हे खाशांणी आजवर पुसले नाही.

भरतीचे परीक्षेचे दिवशी मुदतीस अकरा दिवस बाकी होते. मैदानी दौड सुटली. शेवटले वळणी पोटऱ्या दगडावाणी जाहल्या, डोळ्यांपुढे अंधेरी आली. खासे तैसेच पळत राहिले आणि चार सेकंद राखोन रेषेपार पडले. पडले म्हणजे खरेच पडले, हनुवटीस खोक पडली. मग डॉक्टरांणी नाडी, छाती, डोळे, दात तपासोन पास केले. इंद्रजितशेठांस राजीनामा सादर जाहला, आणि खासे शिपाई होऊन दक्षिणेस प्रशिक्षणास रवाना जाहले.

पहिले रविवारी फोन आला. नूतनबाई माळावर मेंढरांत उभ्या होत्या. खाशांणी वर्तमान कळविले की, कवायत शिकविणारे उस्ताद पोरवयाचे आहेत, परंतु कडक. आज सर्वांदेखत त्यांणी हुकूम केला, पोट आत घ्या.

"मग घेतलंत का?"

"घेतलं की. पण आत जागाच न्हाई. ठेवू कुठं?"

तेव्हा बाई ऐशा मोठ्याने हसल्या की मेंढरे बिथरोन चहूंकडे पांगली, आणि ती गोळा करिता करिता त्यांणी पदराने डोळे पुसले. मोहीम फत्ते जाहली. माळावर नौबत नव्हती, तोफा नव्हत्या, सबब ते हसणे हाच फत्तेचा जाहीरनामा मानोन वर्तमान येथे पुरे केले असे.