दत्तोपंत आणि सव्वा इंची पाईप

लग्नाच्या मांडवाला लोखंडी खांब दिसला, की आमचे दत्तोपंत आधी त्यावर किल्ली वाजवून कान लावत आणि मगच पानावर बसत. "हलका आहे," एवढं शेजाऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली जिलबी उतरत नसे.

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर, मी त्यांच्या हाताखाली. पाईप हलका, मध्यम की भारी, हे वरून कळत नाही. बाहेरचं माप तेच, जाडी वाढते ती आत. "बाहेरून सगळे सारखेच, आतलं बोला," हे त्यांचं वाक्य साहेबापासून हमालापर्यंत सगळ्यांना पाठ होतं.

बदलापूरला मी घर बांधलं. विहीर परसाच्या टोकाला आणि बायकोला सातवा महिना. विहिरीपासून मोरीपर्यंत पाईप टाकून हातपंप बसवायचं ठरलं, आणि पाईप निवडायला दत्तोपंतांना नेण्याची बुद्धी मला झाली. बायकोच्या दिवसांचं मात्र लाजेने त्यांना सांगितलं नाही.

उल्हासनगरच्या कॅम्पात एका बराकीत सिंधी शेटचं दुकान होतं. तीन रविवार गेलो. दत्तोपंत पाईप डोळ्याला लावून आरपार बघत, जोडाच्या शिवणीवरून नख फिरवत, पोलादाची ग्रेड विचारत आणि मान हलवत.

शेट कंटाळून म्हणाला, "साईं, पाईप लेने आये हो कि लड़की देखने?"

"जमिनीत पुरलेला पाईप परत कोण काढणार, शेट? भारीच हवा."

तिसऱ्या रविवारी कळलं, चांगला भारी माल महिन्याने येईल. एव्हाना ते वेड मलाही लागलं होतं. "थांबू की," मी म्हणालो. "तोवर बायको ओढतेय पाणी. सातवा आहे, पण सवय आहे तिला."

दत्तोपंतांनी हातातला पाईप खाली ठेवला. "शेट, मध्यम द्या. आत्ताच गाडीवर चढवा."

मी बघतच राहिलो. वाटेत ते म्हणाले, "चांगल्या पाईपासाठी आमच्याकडे मी चार वर्षं थांबलो, पाटणकर. ही रोज विचारायची, आला का. पुढे विचारायचं सोडलं तिने. आणि मग गेलीच. पाईप अजून आणलेला नाही. एकट्याला पाणी लागतं किती?"



पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः सांधे जोडले. पाणी आलं. बायकोला त्यांनी दांड्याला हात लावू दिला नाही. हंडे, कळशा, तपेली, दुधाचं पातेलंसुद्धा भरून झालं, तरी घामाघूम दत्तोपंत खुशीत विचारत होते, "सूनबाई, अजून काही रिकामं आहे का?"