तिसाव्या फेब्रुवारीचा नातू

इंगेलाबाई म्हणजे स्वीडनमधल्या स्मोलांडातल्या एका गावची सुईण. तिला नातू झाला, तो नेमका तीस फेब्रुवारीला. यात पोराची काही चूक नव्हती. शेजारच्या देशांशी पंचांग जुळावं म्हणून सरकारनं दर चौथ्या वर्षीचा जादा दिवस चाळीस वर्षं गाळायचं ठरवलं. एकदा गाळला, मग लढाई लागली आणि पुढचे गाळायचे विसरले. स्वीडनचं पंचांग जगात कुणाशीच जुळेना. म्हणून यंदा एकोणतीस तारखेनंतर तो गाळलेला दिवस मुकाट्यानं परत फेब्रुवारीच्या शेपटीला बांधला.

पोराचा बाप्तिस्मा करायचा सोडून गावचे पाद्री हेमिंग गंभीर झाले. "इंगेलाबाई, वाढदिवस आल्याशिवाय वय वाढत नाही. ही तारीख तर पुन्हा यायची नाही."

"मग काय, पोरगं वाढायचं थांबणार? आईला घटकाभर सोडत नाही मेलं."

"पोरगं वाढेल हो. वय वाढणार नाही. वर विचारून घेतो."

वरून निर्णय आला : सदर बालकाने अंगाने वाढण्यास हरकत नाही; वय मात्र शून्य समजावे.

इंगेलाबाईचे थोरले दोघे मुलगे राजाच्या लढाईत गेले ते गेलेच. पोराच्या बापाला, धाकट्या नील्सला, येत्या वसंतात भरतीला न्यायचं होतं.

"पाद्रीबाबा, आमचा नील्सही जादा दिवसाचाच बरं का. मीच बाळंतीण, मीच सुईण. माझ्याहून कुणाला ठाऊक?"

पाद्रीबाबा नियमाचे पक्के. जादा दिवस चार वर्षांतून एकदा, त्यातला एक सरकारनंच गाळलेला. नील्स चार वर्षांचा भरला.

मग बायका कशाला मागं राहतील? गावातला प्रत्येक गडी जादा दिवशीच जन्मला, असं इंगेलाबाईनं शपथेवर सांगितलं.

वसंतात भरतीचा अंमलदार आला.

"हा चार वर्षांचा?"

"थोराड आहे जरा," इंगेलाबाई म्हणाली.

"आणि दाढी?"

"बापावर गेलाय."

अंमलदारानं वरचा निर्णय दोनदा वाचला. तो मोडायची त्याची छाती नव्हती, आणि रिकाम्या हातानं परतायचीही नव्हती. "या गावात वय असलेला पुरुष आहे तरी कोण?"

सगळी गोजिरवाणी बाळं पाद्रीबाबांकडे बघायला लागली.

"आपला जन्म?"

"चौदा ऑक्टोबर," पाद्रीबाबा ताठ मानेनं म्हणाले. "दर वर्षी न चुकता येतो."

इंगेलाबाईनं त्यांना वाटेसाठी लोकरीचे जाड मोजे दिले. मन वाईट नव्हतं तिचं.

तुम्ही हसा खुशाल. तुमचा वाढदिवस मात्र दर वर्षी वेळेवर येतो ना?