मन्मथअप्पांनी पाडलेला भाव

मन्मथअप्पांनी मला फसवलं. समजून उमजून, माझ्याच दुकानात, माझाच चहा पीत फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांचं जे कौतुक करणार आहे ते ऐकून तुम्ही मला त्यांचा भक्त समजाल.

माझं नांदेडला टीव्हीला जोडून खेळायच्या गेमच्या मशीनचं दुकान आहे. हातगाडीवर मोबाइलची कव्हरं विकत इथवर आलोय. भाव करायला आलेली कंपनीची माणसं घाम पुसत पायऱ्या उतरतात. अप्पांनी लातूरच्या बाजारात उभा जन्म तूर-सोयाबीनची अडत केली. गुडघे गेले तशी अडत मोडली आणि ते इथे लेकीकडे राहायला आले. एकदा चार्जर घ्यायला म्हणून दुकानात शिरले, काउंटरवरचा गेमचा रिमोट उचलला, हुंगला, आणि त्याची अंगठ्याने फिरवायची काडी सरळ दाताखाली धरली.

"अप्पा, खायचं नाही ते!" मी ओरडलो.

"गप रे. काडी हलकी हाय. वर्षात ढिली होती बघ."

वर्ष व्हायच्या आत तेच रिमोट घेऊन गिऱ्हाइकं माझ्याशी भांडायला उभी होती.

तेव्हापासून येणारं नवं मशीन कसं असेल ते मी अप्पांना विचारू लागलो. इंटरनेटवर फुटलेला एखादा धूसर फोटो त्यांना पुरायचा. बाकीचे त्याच्या रंगावर आणि चकाकीवर वाद घालायचे, अप्पा म्हणायचे, "तोंड सगळेच धुवून येतात. पाठ दाव." एकदा पाठीवरच्या जाळीची भोकं बघून म्हणाले, "ह्याच्या पोटात लई आग हाय. पंखा मोठा टाकणार, आन् मशीन पोत्यावानी फुगणार." आलं तेव्हा ते लोकांच्या टीव्हीच्या कपाटात मावेना.

किंमत मात्र कधी तोंडाने सांगितली नाही. बाजारातल्या जुन्या रिवाजाप्रमाणे माझा हात रुमालाखाली ओढायचे आणि बोटं दाबून आकडा कळवायचे. "बोलला की भाव बाटला." कंपनी काही महिन्यांनी जाहीर करायची तो आकडा माझ्या बोटांना आधीच ठाऊक असायचा. मी आ वासून बसायचो. मला आ वासायला लावणं सोपं नाही, कुणालाही विचारा.

खपाचा अंदाज तर त्याहून अजब. "नव्याची चौकशी किती हाय ते मला सांगू नको. जुनं किती विकायला येऊन राहिलं ते सांग. लोकं घरात जागा करून राहिले, म्हंजी नवं घेणार." एकदाही चुकले नाहीत.

यंदा दिवाळीला नवं मशीन यायचं होतं. आगाऊ मागणी किती लिहू, असं कंपनीच्या माणसाने विचारलं. मी अप्पांपुढे फोटो धरला. त्यांनी पाठ बघितली, कडा बघितल्या, फोन परत दिला. रुमाल खांद्यावरच राहिला.

"पडतंय हे," ते म्हणाले. "एक बी घेऊ नको."

मी एकही घेतलं नाही. दिवाळीत समोरच्या दुकानापुढे रांग लागली. माझ्या दुकानात मी होतो आणि पंखा होता. तसाच उठलो आणि अप्पांच्या घरी गेलो.

"अप्पा, महिनाभर माझ्याकडे जुन्या मशीनचा ढीग लागला होता. दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला की."

"म्हणजे हे खपणार हे ठाऊक होतं?"

"हाव. फोटो बघितला तवाच."

माझं डोकं फिरलं. नको ते बोललो. अप्पांनी ऐकून घेतलं. अडतीवर बसणाऱ्याला शिव्यांची सवय असते. माझा दम संपल्यावर म्हणाले, "त्याला गेमची डिस्क घालायची फट न्हाई, गंगाधरा. तू बघितलंच न्हाईस. गेम आता घरबसल्या तारेतून येणार."

"मग येऊ दे की!"

"रविवारी तुझ्याकडं पोरं जुन्या डिस्क बदलायला येत्यात. हा त्याला ओरखडा दावतो, तो ह्याला खोटा म्हणतो. मग मला मधी बसवत्यात. अप्पा, तुम्हीच भाव तोडा म्हणत्यात." ते खुर्चीचा हात चोळत राहिले. "तू ही नवी मशीनं भरली असती तर ती पोरं कशाला आली असती? अडत मोडल्यापासून मला कुणी भाव तोडायला बसवत न्हाई रे. तेवढं एक हाय."

लेकीने चहा आणला. मी रागातच प्यायलो, पण प्यायलो.

अप्पांशी माझं भांडण मिटलेलं नाही, आणि ते आम्ही दोघं बघून घेऊ. मला विचारायचंय ते मशीनची ती फट बुजवणाऱ्या कंपनीवाल्यांना. कुठल्या गार खोलीत बसून तुम्ही हे ठरवलंत मला माहीत नाही. तुमचं मशीन खपतंय, मान्य. पण रविवारी मी शटर उघडायच्या आधी धुतलेलं धोतर नेसून एक म्हातारा पायरीवर येऊन उभा असतो. डिस्क घेऊन कुणीच आलं नाही, की त्याला मी काय सांगायचं? ते तुम्ही नांदेडला येऊन सांगा. त्याच्या तोंडावर सांगा.