लोकरीला उजेड दाखवणारे भाऊजी

वर्ध्याच्या उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. अशा गावात अंगणातल्या तारेवर लोकरीच्या शाली वाळत घालणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर राहतो. आमचे वसंतभाऊजी. बोरगाव मेघेत नवीन राहायला आलेली माणसं मला हमखास विचारतात, "इथं कोणी काश्मिरी राहतात का?" मी म्हणते, छे हो, अस्सल समुद्रपूरचे आहेत, डोकं तेवढं काश्मीरला गेलंय.

भाऊजींचं अख्खं आयुष्य कापडाच्या दुकानात गेलं. पण तिथे सगळा सुती माल. लोकरीचं वेड लागलं ते दुकान मुनिमावर सोपवल्यावर, आणि त्याला कारण आमच्या नलूताई, म्हणजे त्यांच्या मिसेस.

नलूताई सुनेच्या बाळंतपणासाठी कॅनडाला गेल्या. सहा महिन्यांत येते म्हणाल्या होत्या. एक नातवंड झालं, त्याच्या पाठीवर दुसरं झालं, आणि नलूताईंचं येणं लांबतच गेलं. दोघांचं फोनवरचं बोलणं मी रोज ऐकते. मुद्दाम नाही हो ऐकत! भाऊजी फोन स्पीकरवर टाकतात, आणि स्वतः एवढ्या मोठ्यानं बोलतात की फोन नसता तरी कॅनडात ऐकू गेलं असतं. "जेवले का?" "जेवलो." "सिलिंडर आलं?" "आलं." "बरं, ठेवतो." झाला संसार.

गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी एकदा नलूताई म्हणाल्या, "इथं सारं पांढरंच पांढरं हाये जी. गिरडच्या वाटेवर पळस फुलला असंन ना?" बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी एसटी धरली आणि संध्याकाळी पळसाच्या फुलांची दोन पोती घेऊन उतरले. मी विचारलं, "भाऊजी, एवढी फुलं काऊन?"

"नलूची शाल रंगवतो, वहिनी. तिले पळस पांघरू देतो."

बोलणं सोपं होतं. पांढरी शाल आली, तुरटीच्या पाण्यातून निघाली, आणि रंगात पडली. पण लोकरीला रंग धरेना. कापडाच्या दुकानदाराने शेवटी जे करायचं तेच भाऊजींनी केलं, सुती लुगडं समजून तिला खळखळ उकळलं आणि काठीने घुसळलं. शाल बाहेर निघाली ती बाहुलीला पुरेल एवढी. आता ती आमच्याच माठाभोवती गुंडाळलेली आहे, बाकी कोणाच्या उपयोगाची नव्हती.

पुढे कुठल्याशा शिबिरात कॉलेजच्या एका मॅडमनी त्यांना समजावलं. लोकरीच्या केसावर बारीक-बारीक खवले असतात, ते रंगाला आत येऊ देत नाहीत. आधी अतिनील किरण दिले, की वरचं ते कवच ढिलं पडतं. मग फार उकळायची गरज नाही, कोमट पाण्यातही रंग गडद चढतो. भाऊजी घरी आले ते नाचतच.

पाणी शुद्ध करायच्या मशीनमध्ये असते ती अतिनील किरणांची निळसर नळी त्यांनी जुन्या लोखंडी पेटीत बसवली. आतून चांदीसारखा कागद, बाहेर खडूने लिहिलेलं, "झाकन उघडू नये. डोये जातीन." वर स्वतः वेल्डिंगवाल्याचा काळा चष्मा लावून बाजूला बसायचे. शाल मोठी, पेटी लहान. म्हणून एक-एक भाग आत पसरायचा, उजेड द्यायचा, पुढचा घ्यायचा. दिवस-दिवस तेच.

आणि तेव्हापासून सगळ्या दुनियेच्या दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध. माझी डाळ शिजेना, तर "वहिनी, आधी उजेड दाखोला का?" आमच्या ह्यांचे गुडघे दुखले, तरी तेच. हे वैतागून म्हणाले, "ह्या माणसालाच एकदा पेटीत घाला."

यंदा माझी लेक मंजू सुट्टीवर आली. तीही कॅनडात, नलूताईंच्याच गावात राहते. शाल तिच्याबरोबर गेली तर गेली, नाहीतर तिकडे जाणारं दुसरं कोणी नव्हतं. भाऊजींनी नवी शाल आणली, पेटीत घातली, रंगवली. आणि काय रंग चढला म्हणून सांगू! नुसता पेटलेला पळस. फक्त कडेला एक फिकट ठसा राहिला होता. कापड ताणून धरायला लावलेला चिमटा ते काढायलाच विसरले होते. त्याच्याखाली उजेड पोचला नाही, तिथे रंग चढला नाही.

"एवढंसं कोण बघतंय," मी म्हटलं. भाऊजी त्या ठशाकडे बघत कितीतरी वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "दुसरी करतो." दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं. मंजूची बॅग भरायला आली तरी पत्ता नाही. मी अंगणातून ओरडले, "भाऊजी, विमान थांबत नसते तुमच्यासाठी!"

ऐन निघायच्या वेळी आले. घडी मंजूच्या हातात दिली आणि चपलेकडे बघत उभे राहिले. मंजूने घडी बॅगेत ठेवली. मी म्हटलं, बघू तरी, आणि उलगडली. रंग पहिल्यापेक्षा सुरेख. पण मध्येच एवढा मोठा फिकट डाग!

"अहो, इथं रंग चढलाच नाही की!"

"चढू नाई देल्ला, वहिनी."

मी नीट पाहिलं. तो हाताचा पंजा होता. पाच बोटं, त्यात करंगळी बाहेर वाकलेली. मी भाऊजींच्या हाताकडे पाहिलं. तशीच करंगळी.

"पुठ्ठ्यावर हात ठेवून आकार कापला, अन् उजेड देतानी शालीवर ठेवला," ते म्हणाले. "शाल घेतली का बरोबर खांद्यावर येते. मी मापून पाह्यलं." मग म्हणाले, "सारा जलम लोकायच्या लाजेनं तिच्या खांद्यावर हात नाई ठेवला, वहिनी. आता तिथं मले कोण पाह्यते?"

मी डोळ्यांना पदर लावला. मंजूने शाल माझ्याकडून घेतली आणि बॅगेऐवजी हातातल्या पिशवीत ठेवली. "काका, ही मी जवळच ठेवते."

"ठेवजो," भाऊजी म्हणाले. रिक्षा सुरू झाली तसे घाईघाईने दोन पावलं पुढे आले. "पण विमानात थंडी वाजली तरी पांघरजो नोको, पोरी. तो हात तुह्या काकूचा हाये."