उठून उभे राहिल्याबद्दल

पार्किन्सन्स झालेल्या नागरिकाला घरी मदतनीस द्यावा की नाही, हे ठरवण्यासाठी घरकाळजी विभागाचे साहेब एका सकाळी निवृत्त हेडक्लार्कच्या घरी पाहणीला आले. हेडक्लार्कच्या बायकोचं, आजींचं, मागणं साधं होतं. यांना पलंगावरून उठवायला आणि आंघोळ घालायला सकाळी कुणीतरी हवं. एकटीला आता झेपत नाही.

हेडक्लार्कनी थोड्या वेळापूर्वीच गोळी घेतली होती. गोळी लागू पडली की काही काळ अंग त्यांचं ऐकतं. त्यातून साहेब आल्यावर बसून राहणं त्यांनी अख्ख्या नोकरीत केलं नव्हतं. ते उठले, नमस्कार केला आणि स्वतः पाणी आणून दिलं. पेला जराही हलला नाही.

“आजोबा तर ठणठणीत आहेत,” साहेब म्हणाले.

“आत्ता आहेत. गोळीचा असर उतरला की दुपारी येऊन बघा ना.”

“पाहणीची वेळ सकाळचीच असते, आजी. आजाराने ती पाळायला हवी.”

मदत नामंजूर झाली. कारण: अर्जदार उठून उभे राहिले.

आजींनी फेरपाहणी मागितली आणि त्या सकाळी गोळी उशिरा द्यायचं ठरवलं. नवऱ्याला मुद्दाम आजारी ठेवताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेल वाजली. साहेब आले म्हणताच हेडक्लार्क कसेबसे उठले, बोळातून निघाले आणि दाराजवळ, या आजारात होतं तसे, त्यांचे पाय जमिनीला चिकटले. बोळ अरुंद, आजी मागे.

“अहो, सरका ना जरा.”

“सरकतोय.”

ते तसूभरही सरकले नाहीत. आजींनी बाजूने घुसायला जोर लावला आणि दोघंही आडवी झाली. आजींचं मनगट मोडलं. साहेबांनी पुन्हा बेल वाजवली आणि शेरा मारला: ‘अर्जदार घरी नाहीत. हिंडते-फिरते असावेत.’

मोडलेल्या हाताची मात्र विभागाने तातडीने दखल घेतली. आजींना मदतनिसाची गरज असल्याचं एकमताने मान्य झालं. बाहेरचा माणूस पाठवण्याचं कारण उरलं नव्हतं, कारण विभागाच्या नोंदीप्रमाणे घरातच एक ठणठणीत, हिंडता-फिरता गृहस्थ उपलब्ध होता. नेमणुकीचा आदेश हेडक्लार्कच्या नावाने निघाला. त्यांनी तो थरथरत्या हाताने, पण उभं राहून घेतला.

विभागाला हसू नका. गेल्या रविवारी तुम्हीही त्यांना भेटायला गेला होतात. ते तुमच्यासाठीही उठले होते. “छान दिसताय की,” असं म्हणून तुम्ही पाणी प्यायलात, रिकामा पेला त्यांच्याच हातात दिलात आणि निघालात.