माझे हक्काचे दीड मीटर

सायकलने ऑफिसला जायचं, एवढंच मी ठरवलं होतं. यात कुणाचं काय जात होतं, तुम्हीच सांगा! मी कुणाकडे पेट्रोल मागितलं नव्हतं, कुणाची पार्किंगची जागा अडवली नव्हती. हल्ली पॅन्टचं बटण लावताना श्वास रोखावा लागतो आणि श्वास सोडला की बटण सुटतं, म्हणून घेतलेला साधा घरगुती निर्णय. बायकोला सांगितला तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, त्यापेक्षा मोठी पॅन्ट घ्या. स्वस्तात सुटाल."

तिचं म्हणणं बरोबर होतं, हे मला सायकलच्या दुकानात कळलं. (तिचं म्हणणं बरोबर असतं हे मला नेहमी दुकानातच कळतं.) मी गेलो होतो नुसती हवा भरायला. दुकानदाराने आधी सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "डोक्यावर काय घालता?"

"तेल," मी म्हणालो.

त्याने मुकाट्याने एक हेल्मेट काढून समोर ठेवलं. मग पुढचा दिवा, मागचा दिवा, घंटी, हँडलला लावायचा आरसा, आणि सगळ्यात शेवटी एक पोपटी जाकीट. ते इतकं चमकत होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "आता तुम्ही लांबून दिसाल, साहेब," तो म्हणाला.

दिसलो ना! सगळ्या गावाला दिसलो. पहिल्याच सकाळी एका गॅलरीतून एक बाई ओरडल्या, "अहो, पाणी कधी सोडणार?" चौकात एका गृहस्थांनी मला थांबवून, रस्ता खोदून ठेवलाय तो बुजवणार केव्हा, असा जाब विचारला. मी बुजवत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "तुम्ही लोक नुसते पगार घेता." म्हणजे मी जगाला दिसत होतो. दिसत नव्हतो तो फक्त गाडीवाल्यांना!

या गाडीवाल्यांबद्दल मला शांतपणे बोलता येत नाही, माफ करा. अरे, रस्ता काय तुमच्या गाडीबरोबर शोरूममधून येतो? उभ्या गाडीचं दार उघडताना मागे बघायचं असतं, हे तुम्हाला कुणीच सांगितलं नाही? आणि तो हॉर्न! पुढे गाडी असली की हे लोक हॉर्न वाजवतात तो 'जरा बाजूला व्हा' म्हणून. पुढे सायकल असली की त्याच हॉर्नचा अर्थ 'तू मुळात आहेसच का?' असा होतो. आठवडाभरात माझं वजन कमी झालं असेल तर ते पायडल मारून नव्हे, संतापाने.

या सगळ्यांवर कडी केली ती आमच्याच इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरांनी. राहतात तिसऱ्या मजल्यावर, संध्याकाळी तळमजल्यावर दवाखाना आणि सकाळी दुसरीकडे कुठेतरी दात काढायला जातात. त्यांचा रस्ता तोच माझा रस्ता. रोज सकाळी त्यांची ती करडी गाडी मागून येई आणि तिचा आरसा माझ्या कोपराला गुदगुल्या करून पुढे जाई. जाता जाता काच खाली करून डॉक्टर हसून विचारत, "लागलं नाही ना?"

एक दिवस मी त्यांना फाटकाशी गाठलंच. वॉचमन स्टुलावर बसून सगळं ऐकत होता.

"डॉक्टर, सायकलजवळून जाताना मध्ये दीड मीटर जागा सोडावी, एवढं तुम्हाला कळत नाही?"

"पण लागलं का कधी?"

"लागलं नाही म्हणजे अंतर ठेवलं असं होत नाही!"

"अहो, अंतराचा अंदाज मला आहे हो. आमच्या कामात अर्धा मिलिमीटर म्हणजे ऐसपैस जागा."

"मी दाढ नाही!" मी ओरडलो. वॉचमन खुदकन हसला. डॉक्टरांनीही दात दाखवले (धंद्याची जाहिरात, दुसरं काय!) आणि ते निघून गेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन सगळं बायकोला सांगितलं. वाटलं, निदान घरचं माणूस तरी आपली बाजू घेईल.

"दीड मीटर?" ती म्हणाली. "आणि पलंगावर तुम्ही मला किती जागा देता, सांगू? वीतभर. तीसुद्धा कडेची."

"अगं, तो विषय वेगळा."

"वेगळा कसा? मागून येता, ढकलता, आणि लागलं का म्हणून विचारतसुद्धा नाही. डॉक्टर निदान विचारतात तरी."

मी हात टेकले. ज्या घरात न्याय नाही त्या घराच्या गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आणि तिथे मला दांडी दिसली.

कपडे वाळत घालायची आमची लाकडी दांडी. चांगली लांब, सरळ, हलकी. ती पाहताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अंतर मागून मिळत नाही ना? मग बरोबर घेऊनच फिरायचं! सकाळी बायको आंघोळीला गेल्याची संधी साधून मी दांडी खाली नेली आणि सायकलच्या कॅरिअरवर आडवी बांधली. उजवीकडे टेपने मोजून बरोबर दीड मीटर बाहेर, डावीकडे थोडंसं टोक. आता सायकल उजवीकडे कलंडायला लागली. मग डावीकडच्या टोकाला मी माझं डंबेल लटकावलं. (गेल्या वर्षी व्यायामाला आणलेलं. त्याचा उपयोग झाला असा हा पहिलाच दिवस.) उजव्या टोकाला खुणेसाठी उशीचा लाल अभ्रा बांधला, छाती पुढे काढली आणि निघालो. सकाळी फाटकाच्या दोन्ही झडपा उघड्या असतात आणि वॉचमन पाण्याची मोटर लावायला मागे गेलेला असतो, त्यामुळे कुणी अडवलं नाही.

काय सांगू तुम्हाला! गाड्या अशा बाजूला होत होत्या की जणू माझ्या पुढे कुणी ललकाऱ्या देत चाललंय. एका बसने चक्क मला वाट दिली. वळणावर अभ्र्यात वारा भरला की सायकल आपोआप उजवीकडे ओढली जाई, तेवढी एक अडचण. सिग्नलला उभा राहिलो तर दोन गाड्यांना पुढे सरकता येईना. त्यातल्या एकाने डोकं बाहेर काढून विचारलं, "काका, अख्खं घर घेऊन निघालात का?" मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आरशात बघत होतो. आरशात, माझ्या मागे, करडी गाडी मुंगीच्या पावलांनी येत होती! हॉर्न नाही, घाई नाही, गुदगुल्या नाहीत. उशीर मला होत होता, पण मी मुद्दाम आणखी सावकाश गेलो.

दुपारी ऑफिसात बायकोचा फोन आला.

"अहो, आपली दांडी चोरीला गेली!"

मी फोन कानाशी आणखी घट्ट दाबला.

"आणि एक अभ्राही! बादलीभर ओल्या चादरी घेऊन उभी आहे मी इथे. मला त्या वॉचमनचाच संशय येतोय."

आता खरं सांगायची हीच वेळ होती. पण समोर साहेब उभे होते, आणि बायकोचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत होता. मी खालच्या आवाजात म्हणालो, "कडक चौकशी कर."

तिने केली. वॉचमनला वर बोलावून असं काही फैलावर घेतलं की बिचारा रडकुंडीला आला. त्याने शपथ घेतली की चोर ती दांडी घेऊन या फाटकातून जाऊ दे नाहीतर येऊ दे, त्याच्या नाकावर फाटक लावतो की नाही बघा! हे सगळं मला नंतर कळलं. माझ्या बाबतीत सगळं नंतरच कळतं.

संध्याकाळी मी परत निघालो तेव्हा करडी गाडी पुन्हा माझ्या मागे होती. शेवटच्या वळणापासून मी पुढचा रस्ता बघायचं सोडूनच दिलं होतं. नजर आरशात. डॉक्टरांचा पडलेला चेहरा पाहून मला इतकं बरं वाटत होतं की ते कुठल्या औषधाने वाटणार नाही.

फाटकाजवळ वॉचमन ताडकन उभा राहिला आणि ओरडला, "दांडी! दांडी!"

मला वाटलं, कौतुकाने ओरडतोय. मी हात वर करून त्याचा स्वीकार केला. त्या संधिप्रकाशात, पोपटी जाकीट, हेल्मेट आणि दोन दिवे लावून, घंटी वाजवत एखादा चोर चोरीचा माल त्याच इमारतीत परत आणील का, हा विचार त्या माणसाने करायला नको होता? पण नाही. त्याने धावत जाऊन उजवी झडप लावली, डावी लावायला वळला आणि तेवढ्यात मी पोचलो. पुढचं चाक आत गेलं, मी आत गेलो, दांडी आली नाही. ती झडपेवर आदळली, काडकन मोडली, सायकल गर्रकन फिरली, डंबेल कुंडीत पडलं आणि मी तोंडावर हँडलवर आपटलो. ट्रिंग असा आवाज झाला. ती घंटी मी दाताने वाजवली होती.

हेल्मेटवर साधा ओरखडा नाही. दिवे शाबूत, जाकीट शाबूत. पुढचा दात मात्र अर्धाच राहिला.

मागे करडी गाडी थांबली होती. इतक्या अंतरावर, की मध्ये एक सायकल आडवी मावली असती. डॉक्टर उतरले, चार पावलं आले आणि तिथेच थांबून अदबीने म्हणाले, "जवळ येऊ का?"

यावर बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं, पण ओठ सुजला होता.

तळमजल्यावरच्या खुर्चीत त्यांनी मला आडवं केलं. बायको चादर पिळायची सोडून धावत आली होती. माझा रक्ताने माखलेला चेहरा पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग तिला दारात उभ्या वॉचमनच्या हातातली मोडकी दांडी दिसली आणि ते पाणी आटलं. डॉक्टर माझ्या तोंडात कापूस कोंबत म्हणाले, "दीड मीटरवरून मला नीट दिसत नाही हो. थोडं अंतर कमी करतो. वहिनी, परवानगी आहे ना?"

"करा, करा," बायको म्हणाली.

मग ते यंत्र घरघरलं. डॉक्टरांचं नाक माझ्या नाकापासून अर्ध्या मिलिमीटरवर आलं, आणि अगदी तोच हसरा आवाज आला, "लागलं नाही ना?"

"आ," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात संतप्त 'आ' होता. कुणालाही कळला नाही.

पण एक सांगतो, डॉक्टर माणूस वाईट नाही. हात धुताना म्हणाले, "आज जाता-येता तुमच्या मागे गाडी चालवली, तेव्हा कळलं. सायकलवरचा माणूस फार हलतो हो. एवढं अंतर हवंच. उद्यापासून सोडीन." आणि खरोखरच सोडतात. म्हणजे जिंकलो मीच! वॉचमनची माफी मागितली, बायकोला नवी दांडी आणून दिली, प्रश्न मिटला असं मी धरून चाललो.

जुनी दांडी नेमकी कॅरिअरवर बांधली होती तिथे मोडली होती. त्यामुळे तिचा मोठा तुकडा बरोबर दीड मीटरचा निघाला. तो टाकून द्यावा म्हणून मी उचलला, तर बायको म्हणाली, "थांबा." तिने तो तुकडा नेऊन आमच्या पलंगावर आडवा ठेवला. या काठापासून त्या काठापर्यंत. नखभरही कमी नाही, नखभरही जास्त नाही.

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली आणि मधोमध आडवी झाली.

मी हल्ली बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतो. सोफा अरुंद आहे, कूस बदलली की खाली पडतो. मग आतून आवाज येतो, "अहो, लागलं नाही ना?"